पळीभर करडीचं तेल

मी एक जुना रबरी बुश आहे, मित्रांनो. हसू नका. बुश म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील, हा काय आपली गोष्ट सांगणार, मोठ्या पेढ्याएवढा तर जीव, त्यातही मधोमध भोक. खरं आहे. गाडीत हॉर्न मिरवतो, दिवे मिरवतात, आम्हाला कोणी विचारत नाही. मला त्याचं काही वाटतही नाही. पण माझ्यापायी एका बाईचे पाय गेले आणि एका माणसाचं नाव गेलं. पायांचं मी काही करू शकत नाही. नावाबद्दल मात्र मला बोलायचं आहे, कारण खरं काय झालं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोटारीच्या पुढच्या चाकाला खालून एक लोखंडी हात धरून असतो. ब्रेक दाबला की ते चाक मागं पळू बघतं. ते पळू नये म्हणून त्या हातापासून पुढं चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक तिरपा रॉड बांधलेला असतो आणि त्या रॉडाच्या टोकाला मी बसतो. चाक जागेवर धरून ठेवायचं, पण खड्ड्याचा हिसका वरच्या माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही, असं माझं काम. डाव्या चाकाला मी होतो, उजव्या चाकाला माझा जोडीदार.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका लहानशा कारखान्यातला. तापल्या साच्यात मला कोंबलं, शिजवलं, बाहेर काढून कडेचं जास्तीचं रबर कातरलं आणि पोत्यात भरून नांदेडला धाडलं. तिथं वजिराबादेत व्यंकटी नावाच्या दुकानदाराच्या फळीवर मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. साल होतं बहात्तर. आखाड अर्धा सरला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता.

एके दिवशी दुकानात लिंबाजी आला. मूळचा भोकरचा, पण लातुरात गुरुपादप्पांच्या तेलाच्या गिरणीवर ड्रायव्हर होता. गिरणीच्या मालकाची मोटार होती जुनी विलायती, निजामाच्या राज्यात कुणा साहेबाकडं फिरलेली. तिचे सुटे भाग येणं केव्हाच बंद झालं होतं. त्यामुळं गाडी चालवायचीही लिंबाजीनं आणि दुरुस्तही त्यानंच करायची.

व्यंकटीनं त्याच्यापुढं तीन तऱ्हेचे बुश मांडले. एक ट्रकच्या टायरातून कापलेला, एक लेथवर कातलेला पांढराशुभ्र नायलॉनचा आणि एक मी. व्यंकटी म्हणाला, "नायलॉन घे की. जलमात पुन्हा बदलायचं काम न्हाई."

"आप्पाबी नायलॉनच म्हणलेत," लिंबाजी म्हणाला. "पण दगडावाणी हाय हे. गाडी सरळ पळंल, खरं हाय. गाडीत बसणारीचं काय?"

गाडीत बसणारी म्हणजे नीलम्मा, गुरुपादप्पांची बायको. गिरणीतले सगळे तिला अक्का म्हणायचे आणि गुरुपादप्पांना आप्पा. तिच्या मणक्याला दुखणं होतं आणि महिन्यातून एकदा तिला नांदेडच्या डॉक्टरकडं न्यावं लागायचं. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ दाबून धरायची आणि लिंबाजी ते आरशात बघायचा.

त्यानं टायराचा बुश उचलला, हुंगला आणि ठेवून दिला. मग मला उचललं. अंगठ्याचं नख माझ्या अंगात रुतवलं, सोडलं आणि खड्डा भरून येतो का ते बघत राहिला. तसं तीनदा केलं. पिळून बघितलं, उजेडाकडं धरून चीर शोधली, नाकाशी नेलं. इतक्या मनानं मला कोणी हातात घेतलं नव्हतं. मी लाजलो म्हणा ना.

"हाच," तो म्हणाला. "ह्याची जोडी काढ."

"नरम हाय बरं. दोन वर्षांत बदलावा लागंल."

"बदलू की. मी हाय ना."

मला बसवतानाही त्यानं घाई केली नाही. बाकीचे मिस्त्री गाडी जॅकवर लटकत असतानाच नट आवळून मोकळे होतात. मग गाडी खाली टेकली की आमचं अंग पिळवटतं आणि आम्ही लवकर फाटतो. लिंबाजीनं नट नुसता धरवला, गाडी चाकांवर उतरवली, दोन पावलं मागंपुढं ढकलली आणि मग उताणा खाली सरकून शेवटचा आवळ दिला. त्या महिन्यात अक्का नांदेडला निघाली आणि अहमदपूरच्या पुढं तिला गाडीत झोप लागली. लोह्याला जागी झाल्यावर तिनं विचारलं, "लिंबाजी, रस्ता नवा केला काय रे?" लिंबाजी दिवसभर शीळ घालत होता. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

मग दुष्काळ अंगावर आला. भादवा कोरडा गेला. मोंढ्याच्या धान्यबाजारात करडी येईना, भुईमूग येईना, गिरणीचा पट्टा आठवड्यातून दोनच दिवस फिरायचा. रस्त्यारस्त्यावर दुष्काळी कामं निघाली, बाया-माणसं खडी फोडायला बसली. सगळीकडं नुसता फुफाटा. तो माझ्या आणि लोखंडाच्या मधे शिरला आणि मी कुरकुरायला लागलो. तुम्हाला खरं सांगतो, ती कुरकुर म्हणजे दुखणं नव्हतं. कोरड्या रबरात धूळ गेली की आवाज येतोच. तांब्याभर पाण्यानं धुतलं की दोन दिवस बंद. लिंबाजी आपल्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं फडक्यावर घेऊन मला पुसायचा, पण रोज कुठून आणणार?

आप्पांना ती कुरकुर सहन होईना. मोंढ्यात लोक चिडवायचे, "काय आप्पा, गिरणी तेलाची आन् गाडी तेलावाचून रडून राहिली." आप्पा घरी येऊन तणतणायचे. लिंबाजी म्हणायचा, "आप्पा, रबराला तेल म्हंजे जहर. कुरकुरू द्या तिला. कुरकुरती हाय तवर ठीक हाय." आप्पा मान हलवायचे. अक्कापर्यंत हे बोलणं कधी गेलं नाही. ती आपली आत खाटेवर पडलेली असायची आणि तिच्या खिडकीखालीच गाडी उभी राहायची, डावी बाजू खिडकीकडं करून, म्हणजे माझी कुरकुर तिला रोज ऐकू यायची.

दसरा आला. लिंबाजीसाठी दसऱ्याचा दिवस वेगळा. त्याच्या बापानं छप्पन्न सालात नागपुरात दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून दर दसऱ्याला त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथं जायचंच. लिंबाजी चार दिवसांची रजा घेऊन गेला. परत येताना भोकरला उतरला तर आई तापानं फणफणलेली. मग चाराचे वीस दिवस झाले.

इकडं खंडेनवमीला आप्पांच्या घरी सगळ्या यंत्रांची पूजा. गिरणीचा घाणा, काटा, पाने, हातोड्या, सगळं धुऊन पुसून तेल लावून ठेवायचं आणि हळदीकुंकू वाहायचं. तेलाच्या धंद्यातली माणसं ती. जे कुरकुरतं ते तहानलेलं असतं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. मोटारीची पूजा अक्काच करायची. त्या दिवशी तिनं एका हातानं मणका धरला, दुसऱ्या हातानं चाकाचा आधार घेतला आणि माझ्यासमोर गुडघे टेकले. तिला किती दुखत असेल ते तिच्या श्वासावरून कळत होतं. "किती रडून राहिलास रे," ती म्हणाली. "माझ्यावाणीच कोरडं पडलं का तुझं अंग?"

आणि तिनं पळीभर करडीचं तेल माझ्यावर ओतलं. घरच्या घाण्याचं, दुष्काळात जपून ठेवलेलं. मग बोटानं कुंकू लावलं.

मित्रांनो, माझी कुरकुर लगेच थांबली. तिला इतका आनंद झाला की पुढच्या तिन्ही सोमवारी महादेवाची पूजा झाली की ती एक पळी माझ्यासाठी आणायची. आप्पा रोज स्वतः गाडी घेऊन मोंढ्यात जायचे आणि गाडी गप झाली म्हणून खूश होते, कशानं गप झाली ते त्यांनी विचारलं नाही. मी मात्र आतून फुगत चाललो होतो. अंगाची लवचीकता गेली, कडा भुसभुशीत झाल्या, चाक धरून ठेवायची ताकद रोज थोडी थोडी सुटत गेली. ओरडायला तोंड नव्हतं आणि जी कुरकुर होती ती तेलानं घालवली होती. त्या बाईचा मला राग यावा तरी कसा? इतकी माया माझ्यावर कोणी केली नव्हती.

विसाव्या दिवशी लिंबाजी लातूरला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्काच्या मणक्यात अशी कळ उठली की तिला गाडीत निजवून नांदेडला न्यायचं ठरलं. लांबच्या रस्त्याला निघायच्या आधी गाडीखाली शिरून बघायची लिंबाजीची रीत होती. तो म्हणाला, "आप्पा, पाच मिनिटं द्या. खाली बघून घेतो."

"वीस दिवस गायब होतास, आता पाच मिनिटं मागतोस?" आप्पा म्हणाले. "गाडीला काय बी झालं न्हाई. कुरकुर सुद्धा बंद हाय. चल."

"कुरकुर बंद हाय? कशानं बंद झाली?"

अक्का मागं कण्हत होती. आप्पांनी तिच्या बाजूचं दार ओढून लावलं आणि लिंबाजी स्टिअरिंगवर बसला.

चाकूर सोडल्यावर दुष्काळी कामाची जागा लागली. दोन्ही अंगांना फोडलेल्या खडीचे ढीग. तेवढ्यात पलीकडं पाण्याचा टँकर येऊन थांबला आणि काम करणाऱ्या बाया घागरी घेऊन धावत सुटल्या. रस्त्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. लिंबाजीनं ब्रेक दाबला. माझ्यात जीव असता तर गाडी सरळ रेषेत थांबली असती. मी फाटलो. डावं चाक मागं गेलं, गाडी डावीकडं ओढली गेली आणि खडीच्या ढिगावर चढून कलंडली. एकाही बाईला धक्का लागला नाही. पण मागच्या सीटवरची अक्का खाली आपटली. तिचे दोन्ही पाय त्यानंतर कधी हलले नाहीत.

पंधरा दिवसांनी अक्काला दवाखान्यातून घरी आणलं, गाडीही ओढून आणली आणि लिंबाजीनं मला खोलून काढलं. हातात घेताच त्याला सगळं कळलं. मी दुप्पट फुगलो होतो, तेलानं चिपचिपलो होतो आणि लोखंडी वायसर बसतो त्या माझ्या खाचेत कुंकू होतं. तो मला घेऊन तडक घरात गेला. आप्पा दारातच उभे होते. "मी नायलॉन म्हणलो होतो," ते म्हणाले. "तुला नरम पायजे होतं. रजा चार दिवसांची आन् आलास विसाव्या दिवशी. तुम्हाला तुमचं नागपूर मोठं."

आत खाटेवरून अक्कानं विचारलं, "लिंबाजी, काय झालं होतं रे गाडीला?"

लिंबाजीची मूठ माझ्याभोवती होती. नुसती उघडली असती तरी पुरे होतं. तेलाचा वास तर घरचाच होता. मी त्या मुठीत तडफडत होतो की उघड, बाबा, उघड. त्यानं अक्काच्या पायांवरच्या चादरीकडं बघितलं आणि मूठ आणखी घट्ट केली.

"रबर जुनं झालं होतं, अक्का," तो म्हणाला. "माझी गलती झाली."

त्याच दिवशी त्याचं काम सुटलं. लातुरातल्या कुठल्याच गॅरेजात त्याला कोणी उभं केलं नाही. ज्यानं मालकिणीचे पाय घालवले तो मिस्त्री, एवढीच त्याची ओळख उरली. तो भोकरला गेला आणि खडी फोडायला बसला. तसल्याच ढिगांपाशी, मित्रांनो. मला त्यानं एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी डबा उघडायचा, मला बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. त्याची मुलगी पंचशीला विचारायची, "बाबा, हे काय हाय?" तो म्हणायचा, "जुनं रबर." ती मोठी झाल्यावर एकदा त्यानं तिला खरं सांगितलं आणि कुणाला न सांगायचं वचन घेतलं.

दहा वर्षं गेली. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. लातूरकरांचा आनंद विचारू नका. भोकरला त्याचं कुणाला काय, पण एका सकाळी लिंबाजीच्या गल्लीत ती जुनी विलायती गाडी कुरकुरत येऊन उभी राहिली. पुढं नवा ड्रायव्हर सिद्रामप्पा आणि पांढऱ्या केसांचे आप्पा. मागच्या सीटवर उशांच्या आधारानं अक्का. लिंबाजी दाराशी गेला. ती आतूनच बोलली.

"नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीला मोंढ्यातल्यांनी आमची गाडी मागितली. बाहेर काढली तर कुरकुरायली. मी ह्या सिद्रामप्पाला म्हणलं, पळीभर तेल घाल, मागं मी घातलं होतं तर गप झाली होती." तिनं खिडकीची कड धरली. "तो म्हणला, अक्का, रबर तेलानं कुजतंय. खरं हाय का, लिंबाजी?"

"रबर जुनं झालं होतं, अक्का," लिंबाजी म्हणाला.

पंचशीला घरात गेली आणि डबा घेऊन आली. "बस झालं, बाबा," ती म्हणाली आणि मला अक्काच्या तळहातावर ठेवलं. लिंबाजीनं हात पुढं केला, पण उशीर झाला होता. अक्कानं मला नाकाशी नेलं. दहा वर्षांनीसुद्धा माझ्या अंगाला त्यांच्याच घाण्याचा वास होता. मग तिनं खाचेतलं कुंकू नखानं उकरलं आणि ते नख उजेडाकडं धरलं.

"माझ्या हातानं," ती म्हणाली. "आन् तू दहा वर्षं बोलला न्हाईस."

"बोलून काय झालं असतं, अक्का? तुमचे पाय आले असते का?"

"पाय गेले ते गेलेच होते. तुझं नाव तर राहिलं असतं."

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली होती. "तू पाच मिनिटं मागत होतास," ते म्हणाले. "मी दिली न्हाईत. आता परत चल. मिरवणुकीत गाडी तूच चालीव." त्यांनी खिशातून नवे दोन बुश काढले. "येताना व्यंकटीकडून आणलेत. एक नरम हाय, एक कडक. तू निवडून दे."

लिंबाजीनं दोन्ही हातांत घेतले. पहिल्यावर अंगठा दाबला. दुसऱ्यावर दाबला. पुन्हा पहिल्यावर. मी अक्काच्या तळहातावरून बघत होतो. त्याच अंगठ्यानं मला निवडलं होतं. पण खडी फोडताना दुसऱ्याच वर्षी हातोडा त्या अंगठ्यावर बसला होता. नख गेलं ते पुन्हा आलं नाही आणि तिथली कातडी मेली होती. तो दाबत होता, बघत होता, पुन्हा दाबत होता. पंचशीलानं हात पुढं केला तर त्यानं मान हलवली.

"मला कळत न्हाई, अक्का," तो म्हणाला. "कोणता नरम हाय ते मला आता कळत न्हाई."

अक्कानं तोंडावर पदर घेतला आणि रडली. आप्पा खूप बोलले, पण लिंबाजी गेला नाही. बोटाला कळत नसताना दुसऱ्याचा जीव हातात घ्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं दोन्ही बुश परत केले आणि अक्कानं मला त्याच्या हातात दिलं. गाडी वळली. गल्लीतून, मग नांदेडच्या रस्त्यानं ती कुरकुरत गेली. लिंबाजी ऐकत उभा होता.

"कुरकुरून राहिली ना?" त्यानं मुलीला विचारलं.

"हाव."

"मग चांगली हाय," तो म्हणाला आणि त्यानं मला डब्यात ठेवून झाकण लावलं.

आप्पांनी लातुरात सगळ्यांना खरं सांगितलं म्हणे. ऐकून लोक हळहळले. लिंबाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला, खडीवर.

मित्रांनो, मी आता कुठल्याच गाडीच्या उपयोगाचा नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात काही कुरकुरलं, एखादी वस्तू असो की माणूस, तर त्याला गप करायची घाई करू नका. त्याच्याजवळ खाली बसा आणि कशानं कुरकुरतंय ते त्याच्या जाणकाराला विचारा. त्यानं पाच मिनिटं मागितली तर द्या. आणि एखादा माणूस तुमच्यासमोर मूठ घट्ट करून म्हणाला की गलती माझी झाली, तर त्याला तसाच जाऊ देऊ नका. त्याची मूठ उघडून बघा.